औषधाची चिठ्ठी आणि गरिबाचें घर

(जुबिली महोत्सवाच्या सभेंत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



जुबिलीच्या या आनंददायक प्रसंगीं आपल्या धर्मग्रामाचा पूर्ववृत्तांत, मंदिराची उभारणी, शाळेची वाढ आणि दिवंगत धर्मगुरूंचे उपकार यांविषयीं पुष्कळ वक्त्यांनीं पुष्कळ सांगितलें आहे. आम्हांकडे सोंपविलेला विषय तितका शोभिवंत नाहीं. गरीब व विम्याचें छत्र नसलेल्या रोग्यास, डॉक्टरनें लिहून दिलेलें औषध त्याच्या ऐपतींत बसेल अशा किमतींत कसें मिळावें, हा तो विषय होय. महोत्सवाच्या दिवसांत दानाची इच्छा सर्वांच्याच मनांत प्रबळ होते. ती इच्छा वायां न जातां नेमक्या ठिकाणीं कशी पोंचावी, हें सांगण्याचा आमचा हेतु आहे.

खर्चाच्या दृष्टीनें पाहिलें असतां दुखणीं दोन प्रकारचीं असतात. एक अचानक कोसळणारें: अपघात, शस्त्रक्रिया, अवघड बाळंतपण. त्याची वार्ता तेव्हांच गांवभर होते, शेजारी धांवतात, वर्गणी गोळा होते. आणि अशा वेळीं आपला समाज मागें राहत नाहीं, हें आनंदानें सांगतां येईल. दुसरें दुखणें मुकें असतें. रक्तदाब, मधुमेह, दमा, फेंफरें, थायरॉइडचा विकार, हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर जन्मभर घ्यावयाच्या गोळ्या, यांची वार्ता कोठें होत नाहीं. त्यांच्यासाठीं कोणी वर्गणी काढीत नाहीं. आणि त्यांचा खर्च तर दर महिन्याला ठरल्या तारखेस दारीं येऊन उभा राहतो.

समजा, एका घरांत मिळवता पुरुष एकटा आहे व त्याची महिन्याची प्राप्ति १५,००० रुपये आहे. त्याची आई मधुमेहानें आजारी, त्याला स्वतःला रक्तदाब, आणि मुलीस दमा. तिघांच्या चिठ्ठ्या मिळून महिन्याला २,००० रुपये लागतात. पहिले दोन महिने औषधें येतात. तिसऱ्या महिन्यांत शाळेची फी किंवा घरभाडें आडवें येतें. मग तो गृहस्थ स्वतःची गोळी एक दिवसाआड घेऊं लागतो, म्हातारी आपली गोळी अर्धी करून खाते, आणि मुलीचा दम्याचा पंप तिला फारच धाप लागली तर बाहेर निघतो. याला हट्ट किंवा अडाणीपणा म्हणणें अन्यायाचें होईल. हा गरिबाचा हिशेब आहे. परंतु रक्तदाब दुखत नाहीं. तो मूत्रपिंड, डोळे व मेंदूच्या रक्तवाहिन्या यांचा आंतल्या आंत नाश करितो, आणि एके सकाळीं पक्षाघाताच्या रूपानें प्रकट होतो. मग ज्याच्या थोडक्या रुपयांच्या गोळ्यांकडे कोणाचें लक्ष गेलें नव्हतें, त्याच्या रुग्णालयाच्या बिलासाठीं आपण सारे लाखाची वर्गणी करूं लागतों.

कोणी म्हणेल कीं, आतां सरकारी विमा झाला आहे, मग ही चिंता कशाला? सरकारनें कांहींच केलें नाहीं, असें आम्ही म्हणणार नाहीं. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांप्रमाणें २०१३-१४ सालीं आपल्या देशांत आरोग्यावर होणाऱ्या प्रत्येक १०० रुपयांपैकीं सुमारें ६४ रुपये लोक स्वतःच्या खिशांतून देत. २०२१-२२ सालीं तो आंकडा सुमारें ३९ वर आला. आपल्या राज्यांत २०१२ सालीं राजीव गांधींच्या नांवानें सुरू झालेली जीवनदायी योजना २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नांवानें चालूं आहे, आणि २०१८ सालीं केंद्राची आयुष्मान भारत योजना आली. या योजनांमुळें कुटुंबास वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळूं शकतात. तथापि त्यांचें स्वरूप नीट ध्यानांत घ्यावें. रोगी रुग्णालयांत दाखल झाला तर त्या उपयोगी पडतात. आयुष्मान भारत योजनेंत घरीं सोडल्यानंतर १५ दिवसांपर्यंतच्या औषधांचा समावेश आहे. सोळाव्या दिवसापासून पुढें, म्हणजे पुष्कळदां आयुष्यभर, औषधाचा भार रोग्याच्या शिरावर असतो. जो कधींच खाटेवर पडत नाहीं, केवळ बाहेरून तपासून घेऊन गोळ्या खातो, त्याला तर या योजनांचा त्या गोळ्यांसाठीं उपयोग होत नाहीं.

आतां औषध महाग कां, याचा थोडा विचार करूं. आपल्या मुलांस एक बाप्तिस्म्याचें नांव असतें व एक घरांतलें लाडकें नांव असतें. औषधाचेंही तसेंच आहे. त्यांतील गुणकारी द्रव्याचें एक मूळ नांव असतें. तें जगभर बहुधा एकच. अॅम्लोडिपिन हें रक्तदाबावरील द्रव्य किंवा मेटफॉर्मिन हें मधुमेहावरील द्रव्य घ्या. याच द्रव्यास प्रत्येक कंपनी आपलें व्यापारी नांव देते, व त्या नांवाची प्रसिद्धि, प्रतिनिधींचा प्रवास, दुकानदारांची दलाली हें सर्व किमतींत मिळतें. यामुळें एकाच दुकानांत, एकाच कपाटांत, एकाच द्रव्याच्या तितक्याच वजनाच्या दोन गोळ्यांत दुपटी-तिपटीचा, क्वचित् त्याहूनही अधिक फरक आढळतो.

या गोष्टीचा इतिहास मुंबईशीं निगडित आहे. १९७० सालीं आपल्या संसदेनें केलेला पेटंटचा कायदा १९७२ पासून अंमलांत आला. औषधाच्या द्रव्यावर कोणाची मक्तेदारी राहूं नये, मक्ता द्यावयाचा तर तें बनविण्याच्या विशिष्ट रीतीवर द्यावा, असें त्यांत ठरलें. देशी कारखान्यांनीं निराळ्या रीतींनीं तींच औषधें बनविलीं व किमती उतरल्या. १९३५ सालीं ख्वाजा अब्दुल हमीद यांनीं मुंबईंत स्थापिलेल्या सिप्ला कंपनीनें २००१ सालीं, त्यांचे चिरंजीव यूसुफ हमीद यांच्या पुढाकारानें, एड्सवरील तीन औषधांचा संच एका सेवाभावी वैद्यकीय संस्थेस वर्षाला ३५० डॉलरांस देऊं केला. त्या काळीं पाश्चात्य देशांत त्याच उपचारास वर्षाला १० हजार डॉलरांहून अधिक पडत. २००५ सालीं आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या करारान्वयें द्रव्यावरील पेटंट आपल्या देशांत पुन्हां आलें. तरीही २०१२ सालीं सरकारनें सोराफेनिब या कर्करोगावरील औषधाचा सक्तीचा परवाना एका देशी कंपनीस दिला, आणि महिन्याला सुमारें २ लाख ८० हजार रुपयांस मिळणारें तें औषध सुमारें ८,८०० रुपयांस मिळूं लागलें. २०१३ च्या १ एप्रिल रोजीं सर्वोच्च न्यायालयानें रक्ताच्या कर्करोगावरील इमॅटिनिबच्या सुधारलेल्या रूपास पेटंट देण्याचें नाकारलें, त्यामुळें त्याचे स्वस्त प्रकार रोग्यांस मिळत राहिले.

हा इतिहास सांगण्याचें कारण असें कीं, औषधाची किंमत ही पावसापाण्यासारखी दैवाधीन वस्तु आहे, अशी जी गरिबाची समजूत असते ती दूर व्हावी. किंमत माणसें ठरवितात. आणि माणसांनीं प्रयत्न केला तर ती उतरते. सरकारनेंही कांहीं औषधांच्या किमतींस मर्यादा घातली आहे. १९९७ सालीं राष्ट्रीय औषध मूल्य प्राधिकरण स्थापन झालें, व २०१३ च्या आदेशाप्रमाणें अत्यावश्यक औषधांच्या यादींतील औषधांची कमाल किंमत तें ठरवितें. २०२२ च्या यादींत अशीं ३८४ औषधें आहेत. यादीबाहेरील औषधांची किंमत मात्र कंपनीस वर्षाला १० टक्क्यांपर्यंत वाढवितां येते.

मग स्वस्त औषध मिळावें कोठें? प्रथम सरकारी दवाखाना. २०२३ च्या १५ ऑगस्टपासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांपासून जिल्हा रुग्णालयांपर्यंत तपासणी व उपचार निःशुल्क झाले आहेत. रक्तदाब व मधुमेह यांच्या नेहमींच्या गोळ्या आरोग्य केंद्रांतून मोफत देण्याची व्यवस्था आहे. साठा संपलेला असतो, ही तक्रार पुष्कळ ठिकाणीं खरी असते. परंतु आधीं विचारून पाहावें, न मिळाल्यास पुन्हां केव्हां येईल तें विचारावें, व गांवच्या आशाताईंस सांगून ठेवावें. क्षयरोगाचीं औषधें तर सर्वांस फुकट आहेत. २०१८ पासून क्षयरोग्यास आहारासाठीं महिन्याला ५०० रुपये मिळत, ते २०२४ च्या नोव्हेंबरपासून १,००० झाले. एच. आय. व्ही.चीं औषधें २००४ पासून, व यकृताच्या सी प्रकारच्या काविळीचीं २०१८ पासून सरकारी केंद्रांत विनामूल्य मिळतात. असें असतां लाजेनें किंवा माहितीच्या अभावीं कर्ज काढून हींच औषधें बाहेरून विकत घेणारीं कुटुंबें असावीं, ही खेदाची गोष्ट आहे.

दुसरें ठिकाण जनऔषधी केंद्र. २००८ सालीं आरंभिलेल्या या योजनेचीं दुकानें प्रथम फार थोडीं होतीं. २०२५ सालच्या आरंभीं त्यांची संख्या १५,००० वर गेली. तेथें औषधें मूळ नांवानें, बाजारांतील नामांकित औषधांच्या निम्म्याहून कमी किमतींस, व कित्येक त्याहूनही पुष्कळ स्वस्त मिळतात. चिठ्ठी मात्र तेथेंही लागते. सर्वच औषधें प्रत्येक केंद्रांत असतील असें नाहीं, म्हणून घरांतली गोळी संपण्याच्या आठ दिवस आधीं जावें. मोठ्या रोगांसाठीं २०१५ पासून कांहीं मोठ्या सरकारी रुग्णालयांच्या आवारांत अमृत नांवाचीं दुकानें निघालीं आहेत. कर्करोग व हृदयविकार यांचीं औषधें तेथें सवलतीनें मिळतात.

तिसरें ठिकाण धर्मादाय विश्वस्त संस्थांचीं रुग्णालयें. याविषयीं आपल्या लोकांत फारच थोडी माहिती आहे. सार्वजनिक विश्वस्त संस्थांच्या कायद्यान्वयें मुंबई उच्च न्यायालयानें २००६ सालीं मंजूर केलेल्या योजनेप्रमाणें, अशा रुग्णालयांनीं १० टक्के खाटा निर्धन रोग्यांसाठीं विनामूल्य व १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठीं सवलतीच्या दरांत राखून ठेवावयाच्या असतात. त्यासाठीं एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधींत वेगळी ठेवावी लागते, आणि दाखल झालेल्या गरीब रोग्याच्या औषधांचा खर्च या निधींतून भागविण्याची तरतूद आहे. शिधापत्रिका, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला व ओळखीचें पत्र घेऊन रुग्णालयांतील वैद्यकीय समाजसेवकांस भेटावें. हें काम बिल भरून झाल्यावर होत नसतें. दाखल होतांनाच करावें. शासकीय योजनेच्या रुग्णालयांत आरोग्यमित्र बसतात, त्यांच्याकडेही आधीं जावें.

एवढे मार्ग असूनही गरीब मनुष्य महाग औषध कां घेतो? येथें एक बारीक अडचण आहे, आणि आमच्या व्याख्यानाचें सार तींतच आहे. चिठ्ठीवर व्यापारी नांव लिहिलेलें असेल तर १९४५ च्या औषधविषयक नियमांप्रमाणें दुकानदारास आपल्या मनानें त्याच द्रव्याचें दुसरें औषध देतां येत नाहीं. म्हणून स्वस्त औषधाचा दरवाजा दुकानांत उघडत नसून तो डॉक्टरच्या टेबलापाशीं उघडतो. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांत मूळ नांवानें औषध लिहावें असें सांगितलें होतें, व २०१६ च्या दुरुस्तीनें तें ठळक अक्षरांत लिहावें असेंही म्हटलें. २०२३ च्या ऑगस्टमध्यें याहून कडक नियम निघाला, तो त्याच महिन्यांत स्थगित झाला. सबब नियमाच्या भरंवशावर न राहतां आपण विचारावें, हें बरें.

विचारावें कसें? नम्रतेनें, पण स्पष्ट. "डॉक्टरसाहेब, महिन्याला आम्हांस इतकेच रुपये झेपतात. यांत अगदीं आवश्यक औषधें कोणतीं? हीं मूळ नांवानें लिहून द्याल काय? शक्तीचीं म्हणून लिहिलेलीं औषधें वगळलीं तर चालेल काय?" एवढे तीन प्रश्न पुरे आहेत. रोगी आपली गरिबी सांगावयास लाजतो, आणि त्यानें न सांगितल्यास ती डॉक्टरांस दिसत नाहीं. पुष्कळ डॉक्टर विचारल्यावर आनंदानें बदल करून देतात.

स्वस्त औषध हलकें असतें, अशी एक शंका घेतात. परवाना व तपासणी यांचा कायदा दोन्ही प्रकारच्या औषधांस एकच आहे, आणि जनऔषधीचा माल मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत तपासून मग दुकानांत येतो. नांवाची प्रसिद्धि म्हणजे शुद्धतेची हमी नव्हे. २०२५ सालीं मध्यप्रदेशांत छिंदवाडा जिल्ह्यांत खोकल्याच्या विषारी औषधानें अनेक बालकें मृत्युमुखीं पडलीं. तें औषध व्यापारी नांवानेंच विकलें जात होतें. म्हणून औषध कोणतेंही असो, पक्की पावती घ्यावी, पट्टीवरील मुदत व बॅच क्रमांक पाहावा, आणि शंका आल्यास अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करावी. फेंफऱ्याचीं, थायरॉइडचीं व रक्त पातळ ठेवण्याचीं औषधें मात्र डॉक्टरांस विचारल्यावांचून एका कंपनीचीं सोडून दुसरीचीं घेऊं नयेत. त्यांत थोडा फरकही बाधतो.

आतां आपल्या धर्मग्रामानें काय करावें? संत व्हिन्सेंट द पॉल सोसायटी १८३३ सालीं पॅरिसमध्यें फ्रेडरिक ओझानाम व त्यांच्या सोबत्यांनीं स्थापिली, तेव्हांपासून गरिबाच्या घरीं जाऊन भेटणें हीच तिची पद्धति राहिली आहे. त्या भेटींत आतां एक काम वाढवावें: घरांतली औषधाची चिठ्ठी पाहावी. महिन्यांतून एका रविवारीं मिस्सानंतर सभागृहांत एक टेबल मांडावें. आपल्या धर्मग्रामांत परिचारिका आहेत, औषधांच्या दुकानांत उमेदवारी केलेले तरुण आहेत, निवृत्त शिक्षक आहेत. त्यांनीं चिठ्ठी वाचावी, प्रत्येक औषधाचें मूळ नांव वहींत लिहावें, जनऔषधीची किंमत शेजारीं मांडावी, आणि डॉक्टरांकडे नेण्यासाठीं एक कागद तयार करून द्यावा. औषध बदलण्याचा अधिकार डॉक्टरांचा. आपलें काम विचारण्यास मदत करण्याचें. जो म्हातारा एकटा आहे, त्याच्याबरोबर कोणी तरी जावें. रुग्णालयांत खिडकीमागून खिडकी फिरण्यास दोन पाय व थोडा धीर लागतो, आणि आजारी माणसापाशीं नेमक्या याच दोन गोष्टी नसतात.

एवढें करूनही कांहीं रक्कम कमी पडेलच. तेथें आपल्या दानाची जागा आहे. महिन्याला २,००० रुपयांची चिठ्ठी योग्य बदलानंतर ६०० वर आली, तर जितक्या दानांत आपण एका घरास मदत करीत होतों, तितक्यांत तिघांस करूं शकूं. मदत रोख न देतां दुकानदाराचें बिल परस्पर भरावें, म्हणजे पैसा औषधासच जाईल. कोणाचें नांव फळ्यावर किंवा वेदीवरून जाहीर करूं नये. ज्याला आपली गरिबी चारचौघांत ऐकावी लागते, तो दुसऱ्यांदां येत नाहीं. आणखी एक सूचना. घरांत उरलेलीं औषधें पेटींत टाकून तीं गरिबांस वाटावीं, अशी कल्पना पुष्कळांस सुचते. हेतु चांगला आहे, पण उघडलेली बाटली, मुदत संपलेली किंवा मुदतीचा भाग कापून टाकलेली पट्टी कोणासही देऊं नये. अखंड पट्टी असेल तर ती डॉक्टरच्या देखरेखीखालच्या दवाखान्यांतच द्यावी. जें आपण आपल्या मुलास देणार नाहीं, तें गरिबाच्या मुलास देण्याचा आपणांस अधिकार नाहीं.

बंधुभगिनींनो, या कामास मोठी इमारत लागत नाहीं, फार मोठा निधिही लागत नाहीं. एक टेबल, एक वही, वाचतां येणारे चार जण, आणि दर महिन्याला न चुकतां येण्याची तयारी एवढेंच हवें. यांतील शेवटची गोष्ट सर्वांत अवघड आहे. गोळी जशी एक दिवसाआड घेऊन भागत नाहीं, तसें हें टेबलही एका महिन्याआड मांडून भागणार नाहीं. महोत्सवाची रोषणाई उतरल्यावर पहिल्या रविवारीं हें टेबल मांडलें जावें, अशी आमची नम्र विनंति आहे. ज्यांच्या घरांत चिठ्ठी आहे त्यांनीं ती संकोच न करितां घेऊन यावी, आणि ज्यांना वाचतां येतें त्यांनीं आपला चष्मा घेऊन यावें.